फराळ पोटात गेल्यावर

भाऊबीज आटोपली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयांच्या मेडिसिन ओपीडीत एक ठरावीक गर्दी दिसू लागते. केसपेपरवरच्या तक्रारीही जवळपास सारख्याच असतात. पोट गच्च झाले आहे, घशाशी जळजळते, करपट ढेकर येतात, दोन दिवस जेवण नको वाटते. खोदून विचारले की उत्तर मिळते, ‘काही विशेष नाही डॉक्टर, घरचंच खाल्लं.’ या ‘घरचंच’मध्ये अभ्यंगस्नानानंतरचा फराळ असतो, शेजारच्या तीन घरांतून आलेली ताटे असतात, बहिणीकडची बासुंदी-पुरी असते आणि रात्री झोपायला जाता जाता डब्यातून उचललेला बेसनाचा लाडूही असतो. यातल्या बहुतेकांना औषधापेक्षा थोडा धीर आणि दोन दिवसांचा मऊ भात पुरतो. पण याच रांगेत दर वर्षी दोन-तीन माणसे अशी असतात, ज्यांनी रांगेत थांबायलाच नको होते.

पन्नाशीतला एक एसटी चालक असाच या रांगेत सापडला होता. भाऊबीजेच्या रात्री बहिणीकडे पोटभर जेवला, घरी येऊन लगेच आडवा झाला. पहाटे तीनच्या सुमारास बेंबीच्या वर, छातीच्या मध्यभागी आग पडल्यासारखे होऊ लागले. अंगाला दरदरून घाम सुटला, एक उलटी झाली. बायको म्हणाली, ‘अहो, दवाखान्यात जाऊ या.’ तो म्हणाला, ‘अगं, ॲसिडिटी आहे, रात्रीचं जेवण जड झालं. सकाळी बघू.’ मग सोडा झाला, ओवा झाला, बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. सकाळी साडेनऊला तो केसपेपर काढून रांगेत उभा राहिला. त्याचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहून नर्सने त्याला आत घेतले आणि ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली होती. साडेसहा तास निघून गेले होते. माणूस वाचला, पण त्या सहा तासांत मेलेला हृदयाचा स्नायू परत येणार नव्हता. पूर्वीप्रमाणे बस चालवण्याचे त्याचे काम सुटले.

ही हकिगत सांगण्याचा हेतू फराळाची भीती घालण्याचा नाही. एका रात्रीच्या जेवणाने त्याची धमनी अरुंद झालेली नव्हती. ती प्रक्रिया वीसेक वर्षे चालली होती, तंबाखू आणि न तपासलेला रक्तदाब तिच्या मदतीला होते. पण जड जेवणानंतर दुखले की ते पोटाचेच दुखणे, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याची किंमत काही घरे दर दिवाळीला मोजतात. म्हणून फराळ पोटात गेल्यावर नेमके काय होते, कोणता त्रास सोसण्याजोगा आणि कोणता नाही, हे जरा सावकाशीने पाहायला हवे.

जठर हे थैलीसारखे

उपाशीपोटी जठर जेमतेम मुठीएवढे असते. अन्न येऊ लागले की त्याचा वरचा भाग सैल पडतो आणि लिटर-दीड लिटरपर्यंतचा ऐवज फारशी कुरकुर न करता सामावून घेतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटे लागतात. गप्पांच्या भरात, उभ्या उभ्या, एका हाताने चिवडा खाणाऱ्या माणसाची गाडी या वीस मिनिटांत बरीच पुढे निघून गेलेली असते.

फराळाची दुसरी गंमत अशी की तो आकाराने लहान आणि आतून दाट असतो. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत चार उष्मांक असतात, तर एक ग्रॅम तुपात नऊ. चाळीस ग्रॅमचा एक बेसन लाडू घ्या. त्यात डझनभर ग्रॅम तूप, तेवढीच किंवा थोडी जास्त साखर आणि उरलेले बेसन, म्हणजे सुमारे दोनशे उष्मांक झाले. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत याहून थोडे कमीच भरतील. चार भाकऱ्या खाल्ल्या तर आपल्यालाच कळते की जेवण झाले. चार लाडू मात्र चहाबरोबर सहज जातात आणि तासाभराने पाने मांडली की माणूस पुन्हा जेवायला बसतो.

तेल-तूप लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचले की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक दोन कामे करते. पित्ताशयाला आकुंचन पावायला लावून पित्त आतड्यात सोडायला लावते आणि जठराला सांगते, ‘हळू, अजून पाठवू नकोस.’ स्निग्ध पदार्थ पचवायला वेळ लागतो, म्हणून आतड्याने घातलेला हा ब्रेक आहे. साध्या जेवणानंतर दोन-तीन तासांत जठर बऱ्यापैकी हलके होते, तळणीच्या जेवणानंतर त्याला चार-सहा तासही लागतात. आपण ज्याला जडपणा म्हणतो तो बहुतांशी हाच. काही बिघडलेले नसते, काम चालू असते. त्यात दर दोन तासांनी नव्या घरचा नवा फराळ येऊन पडला तर ते काम संपतच नाही.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूचे एक कडे असते. ते झडपेचे काम करते. स्निग्ध जेवण, चॉकलेट, दारू, तंबाखू यांनी ते कडे सैल पडते. जठर तुडुंब, झडप सैल आणि माणूस आडवा, अशी स्थिती झाली की आम्ल वर चढते. घशाशी येणारी आंबट-कडू चव ती हीच. तिखट खाल्ल्याने आम्ल ‘वाढते’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत आम्ल नेहमीइतकेच असते, फक्त ते नको त्या जागी पोचलेले असते. त्यामुळे दिवाळीत जळजळ टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रात्रीचे जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचे अंतर ठेवणे. ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांनी नुसती उशी उंच करून भागत नाही, कारण त्याने मान वाकते आणि पोट दाबले जाते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीट ठेवावी. डाव्या कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो, कारण त्या स्थितीत जठराची पिशवी अन्ननलिकेच्या खाली राहते.

एका दिवसाचे शरीर माफ करते

अति खाल्ल्याचा अपराधभाव ही अलीकडची साथ आहे. त्यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. बावीस ते सदतीस वर्षांच्या चौदा निरोगी पुरुषांना त्यांनी एका दिवशी पोट भरेपर्यंत पिझ्झा खायला सांगितला आणि दुसऱ्या एका दिवशी ‘आता घासही नको’ म्हणेपर्यंत. दुसऱ्या खेपेला त्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्ले, म्हणजे साधारण तीन हजार उष्मांक एका बैठकीत. अपेक्षा अशी की रक्तातली साखर आणि चरबी आकाशाला भिडेल. तसे झाले नाही. साखर पोटभर जेवणानंतर होती तेवढीच राहिली आणि रक्तातली चरबी किंचितच वाढली. शरीराने जास्त इन्शुलिन सोडून आणि हृदयाचे ठोके वाढवून परिस्थिती सांभाळून घेतली. निरोगी तरुण शरीराकडे एका मेजवानीला पुरून उरेल एवढी ताकद असते.

मात्र दिवाळी एका दिवसाची नसते. जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांनी निरोगी तरुण पुरुषांना नेहमीच्या जेवणाशिवाय रोज हजाराहून अधिक उष्मांकांचे गोड-तेलकट चटकमटक खायला दिले. असे पाच दिवस. वजनात सांगण्यासारखा फरक पडला नाही, पण यकृतात चरबी वाढलेली दिसली. मेंदूची इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची पद्धत बदलली आणि नेहमीच्या आहारावर परतून आठवडा झाला तरी ती पूर्ववत झालेली नव्हती. इथे पाच दिवस हा आकडा आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. धनत्रयोदशी ते भाऊबीज मोजा, तेवढेच भरतात, कधी एखादा अधिक.

यावरून लगेच फराळ बंद करा असा अर्थ काढू नये. पूर्वीही पाच दिवस होते. फरक पुढच्या दिवसांत आहे. तेव्हा चकलीची भाजणी वर्षातून एकदा भाजली जायची, डबे संपले की विषय संपायचा. आता चकली, शेव, करंजी बारा महिने दुकानात पाकिटात लटकलेली असतात. गणपतीत मोदक, दसऱ्याला श्रीखंड, दिवाळीत फराळ, डिसेंबरात केक, मग लग्नसराई. सणाचे खाणे रोजचे झाले की शरीराला माफ करायला फुरसत मिळत नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांचे वर्षभर वजन मोजून २००० साली एक अहवाल प्रसिद्ध झाला होता. नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांच्या काळात सरासरी वाढ जेमतेम ०.३७ किलो होती, लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच कमी. अडचण अशी की ती वाढ पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही उतरली नाही. दर सणाला पावशेर-अर्धा किलो मागे राहत गेले की चाळिशीतला माणूस पन्नाशीत पाच किलोंनी जड झालेला असतो आणि ‘मी तर काहीच खात नाही’ हे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

उलट, पाडव्याच्या सकाळी वजनकाट्यावर उभे राहून दोन किलो वाढ पाहिली तर घाबरू नये. एक किलो चरबी साठायला सात-साडेसात हजार जादा उष्मांक लागतात. दोन किलो चरबी तीन दिवसांत चढवणे भल्याभल्या खवय्यांनाही जमत नाही. ती वाढ मुख्यत्वे पाण्याची असते. स्नायूंत आणि यकृतात साठणारी साखर आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते. शेव-चिवड्यातले मीठ आणखी पाणी अडवते. चार-पाच दिवस साधे जेवले की काटा आपोआप खाली येतो.

कोकणात आणि गोव्यात नरक चतुर्दशीला तुळशीपाशी कडू कारीट पायाने फोडतात, त्याची चव जिभेला लावतात आणि मग पोहे खातात. गुळाचे, दुधातले, दह्यातले, ताकातले, बटाट्याचे, असे नाना परींचे पोहे. त्या सकाळपुरते तरी तळणीला दुय्यम स्थान. पचनाच्या दृष्टीने पाहिले तर ही जुनी पद्धत देशावरच्या फराळाच्या ताटापेक्षा शहाणी म्हणावी लागेल. चकली आवडणाऱ्यांनी रागावू नये.

उतारा म्हणून काय

जडपणावर घरोघरी पहिला उपाय सोड्याचा. सोडा आम्लाशी मिळून कार्बन डायऑक्साइड वायू करतो, मोठा ढेकर येतो, बरे वाटते. अधूनमधून घेतला तर निरोगी माणसाला फार बिघडत नाही. पण चमचाभर खाण्याच्या सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयाची कमजोरी किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी तो घेऊ नये. फुटेस्तोवर भरलेल्या पोटात एकदम भरपूर सोडा टाकणेही धोक्याचे आहे. अचानक तयार झालेल्या वायूने जठर फाटल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ती विरळा आहेत, पण ती माणसेही पोट हलके करायलाच सोडा प्यायली होती.

दुसरा उपाय ‘गॅसची गोळी’. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या आपल्याकडे चॉकलेटसारख्या वाटल्या जातात. जठरातले आम्ल तयार करणारे पंप त्या बंद करतात, पण हे काम त्या जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतल्या तरच नीट करतात. जेवून, जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा त्या रात्री फारसा उपयोग नाही. त्या वेळी पातळ अँटॅसिडचे दोन चमचे लवकर आराम देतात. आणि महिनोन् महिने रोज गोळी घ्यावी लागत असेल तर कारण शोधायला हवे, पाकीट बदलून उपयोग नाही.

जेवणानंतर पचायला म्हणून ‘थोडी’ घेणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडमध्ये फाँड्यू म्हणजे वितळलेल्या चीजचे भरपूर स्निग्ध जेवण असते आणि त्याबरोबर वाइन घ्यावी की चहा, यावर तिथे घरोघरी वाद होतात. झुरिकच्या डॉक्टरांनी वीस निरोगी लोकांना ते जेवण वाइनबरोबर आणि काळ्या चहाबरोबर देऊन जठर रिकामे व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. निष्कर्ष २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मद्याने जठराचे काम स्पष्टपणे मंदावले. जेवणानंतर घेतलेल्या कडक दारूने ते आणखीच रेंगाळले. पचनासाठी पितो ही सबब तिथेही टिकली नाही.

मग टिकते काय? चालणे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे रमतगमत चालल्याने जठर लवकर हलके होते आणि रक्तातली साखर कमी उसळते, कारण चालणारे स्नायू ती लगेच वापरतात. शतपावली हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. फक्त शंभर पावले मोजून थांबू नये आणि जेवल्या जेवल्या धावायला किंवा जिममध्ये वजने उचलायला जाऊ नये, त्याने उलट आम्ल वर येते. आल्याने जठर रिकामे होण्याचा वेग थोडा वाढतो, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला हरकत नाही. कोमट पाणी, ओवा, बडीशेप यांनी ज्याला बरे वाटते त्याने खुशाल घ्यावे. लिंबू-मधाच्या पाण्याने चरबी वितळते, हे मात्र खरे नाही. मध ही साखरच आहे.

दुसऱ्या दिवशी भूक लागेपर्यंत थांबणे हा उत्तम उपाय. घड्याळात नऊ वाजले म्हणून नाश्ता केलाच पाहिजे असे नाही. भूक लागली की मऊ भात-मेतकूट, मुगाची पातळ खिचडी, भाकरी आणि पालेभाजी, सोबत ताक. तहान भागेल एवढे पाणी प्यावे. बाजारात ‘डिटॉक्स’ म्हणून मिळणारे रस आणि चूर्णे यांची गरज नाही. शरीरातली घाण काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतातच. बहुतेक चूर्णांत जुलाबाचे औषध असते. जुलाबाने पाणी आणि क्षार जातात, खाल्लेले तूप जात नाही, ते केव्हाच लहान आतड्यात शोषले गेलेले असते. दोन दिवस कडकडीत उपास आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा डब्यावर धाड, हा प्रकार तर सर्वांत वाईट.

मधुमेह्यांची दिवाळी

वरचा मजकूर निरोगी माणसांसाठी आहे. मधुमेह असलेल्यांचे गणित वेगळे असते आणि दिवाळीत खरा गोंधळ तिथेच होतो. ‘आज दोन लाडू खाणार, म्हणून एक गोळी जास्त घेतली’ असे सांगणारे रुग्ण दर वर्षी भेटतात. त्याच्या उलट, ‘काल फार खाल्लं, म्हणून आज दिवसभर लंघन केलं’ असे सांगणारेही. पहिला प्रकार चुकीचा आहे आणि दुसरा काही वेळा जिवावर बेततो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हातपाय थरथरतात, घाम येतो, माणूस विचित्र बोलू लागतो, कधी बेशुद्ध पडतो. घरच्यांना वाटते सणाच्या दगदगीचा थकवा आहे. म्हाताऱ्या माणसांत हे विशेष होते, कारण त्यांच्यात ही औषधे मूत्रपिंडांतून सावकाश बाहेर पडतात. अशा वेळी माणूस शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी आणि मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या चालू असताना कडक उपास केल्यास रक्तात आम्ले साठण्याचा वेगळाच धोका असतो. म्हणून उपास करायचा असेल तर गोळ्यांचे काय करायचे, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

फराळ करायचाच असेल, आणि तो का करू नये, तर तो जेवणाच्या ऐवजी नव्हे आणि जेवणावर वरकडही नव्हे, जेवणाचा भाग म्हणून घ्यावा. त्या वेळी एक पोळी किंवा तेवढा भात कमी करावा. उपाशीपोटी लाडू खाण्यापेक्षा आधी कोशिंबीर, उसळ, आमटी घेऊन शेवटी अर्धा लाडू खाल्ला तर साखर हळू चढते. गुळाचा लाडू किंवा खजुराची बर्फी ‘चालते’ हा समज सोडून द्यावा, साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ साखरेचाच सख्खा भाऊ आहे. शुगरफ्री मिठाईत साखर नसेल, पण खवा आणि तूप असतेच. बेक केलेली चकली तेल वाचवते, भाजणीतले पीठ कुठे जात नाही.

हृदय कमजोर असलेल्यांना गोडापेक्षा खारट जास्त भोवते. शेव, फरसाण, चिवडा, पापड, लोणचे यांतल्या मिठाने अंगात पाणी साठते आणि भाऊबीजेनंतर पायांवर सूज, रात्री आडवे पडल्यावर दम, अशा तक्रारी घेऊन ते भरती होतात. घरातल्या कर्त्या बाईने आजोबांसाठी वेगळा अळणी चिवडा करणे शक्य असते, पण आजोबांनी तो गपगुमान खाणे हे तिच्याही हातात नसते.

हे पोटाचे नाही

जेवणानंतरचे कोणते दुखणे थांबण्यासारखे नाही? उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जात असेल आणि तासन् तास टिकत असेल तर पित्ताशयातल्या खड्याचा संशय घ्यावा. आधी सांगितलेले पित्ताशयाचे आकुंचन इथे कारणी लागते, कारण आत खडा असेल तर तो तोंडाशी अडकतो. सोबत ताप किंवा डोळ्यांना पिवळेपणा असेल तर थांबूच नये. वरच्या पोटात सुरू होऊन थेट पाठीत शिरणारी, पुढे वाकून बसल्यावर जरा कमी वाटणारी असह्य वेदना आणि सतत उलट्या, ही स्वादुपिंडाला सूज आल्याची लक्षणे असू शकतात. पित्ताचे खडे आणि दारू ही त्याची नेहमीची कारणे. ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइडचे प्रमाण हजार मिलिग्रॅमच्या वर गेलेले असते, त्यांना सलग चार दिवसांचे तळण आणि मद्य एवढेही पुरते. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, घास अडकणे ही लक्षणे कोणत्याही दिवशी, सण असो वा नसो, तातडीची समजावीत.

आणि छाती. जळजळ छातीच्या मध्यभागी किंवा वरच्या पोटात आहे, सोबत घाम, दम, मळमळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत ओढ, अनाकारण प्रचंड थकवा यांपैकी काहीही आहे, तर ते हृदयाचे आहे असे समजूनच पुढचे पाऊल टाकावे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखणे नसतेही, नुसता दम आणि घाम असतो. ढेकर आल्यावर बरे वाटले किंवा सोडा घेतल्यावर कळ कमी झाली, यावरून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. ईसीजी काढायला पाच मिनिटे लागतात आणि सरकारी रुग्णालयात तो मध्यरात्रीही निघतो. घरी १०८ क्रमांक फिरवावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नये, जिना चढू-उतरू नये. अपघात विभागात थेट जावे, सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये. धमनीतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जे काम करते, ते सहा तासांनंतर करत नाही. बारा तासांनंतर तर बहुधा देतही नाहीत. पहाटे तीनला सुरू झालेल्या दुखण्यासाठी सव्वातीनला डॉक्टरांना उठवले आणि ते निव्वळ अजीर्ण निघाले, तर कोणीही रागावणार नाही.

उरलेला डबा

दिवाळीनंतर दोन प्रश्न घरात उरतात, कढईतले तेल आणि अर्धे भरलेले डबे. तळणीचे तेल वारंवार तापवले की त्याचे घटक तुटून घातक संयुगे तयार होतात. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांना पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि ती ओलांडलेले तेल वापरायला व्यावसायिकांना मनाई आहे. घरात मोजायचे यंत्र नसते, नाक आणि डोळे असतात. तेल काळपट-दाट झाले, फेस येऊ लागला, कमी आचेवरही धूर निघू लागला की ते टाकावे. एकदा तळलेले तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवणे ठीक, त्यात पुन्हा तळणे आणि त्यावर ताजे तेल ओतत राहणे टाळावे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून आजचा डालडा पूर्वीइतका वाईट राहिलेला नाही, तरी त्याला औषध समजण्याचे कारण नाही.

डब्यांचे म्हणाल तर चिवडा आणि शेव हवाबंद राहिली तर तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतात. ओल्या खोबऱ्याच्या करंज्या आणि खव्याची मिठाई एक-दोन दिवसांपलीकडे बाहेर ठेवू नये, शीतकपाटातही तीन-चार दिवसांत संपवावी. पोट सावरत असताना डबे डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवण्यापेक्षा वरच्या फळीवर गेलेले बरे. कामवाल्या मावशींना, वॉचमनला, पोस्टमनला ताजा फराळ आधीच द्यावा, पंधरा दिवसांनी उरलेला नव्हे. आणि झाकण उघडल्यावर खवट वास आला, तर ‘एवढे दाणे-खोबरे घातलेय’ म्हणून तो चिवडा परतून पुन्हा पानात वाढू नये.